सुया चालतील, गोळ्या बंद करणं चालणार नाही

वाचकाचं पत्र:

"माझ्या आईचं वय 79. न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. अर्धा कृत्रिम सांधा बसवलाय, डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात. आज नऊ दिवस झाले, आई घरी आहे. मधुमेह आहे, पण आटोक्यात. रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन रोज पोटात द्यायला नर्स येते. दवाखान्यात ट्रामाडॉल चालू केल्यावर तिला सारखं उमळून यायचं, आणि एका रात्री ती कधीच वारलेल्या आत्याशी बोलायला लागली. दादा घाबरला. घरी आणल्याबरोबर त्याने दुखण्याच्या सगळ्याच गोळ्या बंद केल्या. आता फिजिओथेरपीवाल्या ताई आल्या की आई रडते, वॉकर धरायलाही तयार नाही. ओळखीतल्या एकांनी ॲक्युपंक्चरवाले सुचवले. ते घरी येतात. त्यांचं म्हणणं, दहा बैठका घ्या, सुयांना मशीनने करंट देऊ, गोळ्यांची गरजच उरणार नाही, आणि दहाचे पैसे एकदम भरलेत तर सवलत देऊ. दादा म्हणतो, थोतांड आहे. वहिनी म्हणते, करून बघायला काय बिघडतंय? मी मधल्यामधे अडकलेय. काय करू?"
एक वाचक, कराड

ताई,

आधी आजच्या आज करायचं ते सांगते, सुयांचं नंतर. ज्या सर्जननी ऑपरेशन केलं त्यांना फोन लावा आणि स्पष्ट सांगा, की घरी आल्यापासून आईला दुखण्यासाठी काहीही दिलेलं नाही. डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. ट्रामाडॉलने उमळून येत होतं आणि एक रात्र ती भ्रमात होती, हेही सांगा. रात्रपाळीच्या नर्सला आणि घरच्यांना माहीत असलेली ही गोष्ट कितीदा तरी सर्जनच्या कानावर गेलेलीच नसते. मग विचारा, की ट्रामाडॉल सोडून दुसरं काय देता येईल, किती आणि कितीकितीदा.

बहुतेक ते पॅरासिटामॉलपासून सुरुवात करतील. नाक मुरडू नका. आपल्याकडे ती तापाची गोळी म्हणून बदनाम आहे, पण नेमून दिलेल्या वेळांना, दुखो वा न दुखो, दिली तर तिचं काम वेगळंच दिसतं. ब्रिटनमध्ये 'नाइस' ही सरकारी संस्था डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढते. खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी त्यांनी 2011 मध्ये काढलेल्या सूचनांत दर सहा तासांनी पॅरासिटामॉल हाच पाया धरला आहे. ते पुरलं नाही तर वरून अफूवर्गातलं औषध. आणि डायक्लोफिनॅकच्या जातीच्या गोळ्या या रुग्णांना देऊ नयेत, असं तिथे सरळ लिहिलंय. का, ते तुमच्या आईच्या बाबतीत उघड आहे: वय, मधुमेहामुळे मूत्रपिंडावर असलेला ताण, आणि रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असताना पोटात रक्तस्राव होण्याची भीती. तेव्हा "दुखतंय फार, काहीतरी द्या" म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पिवळी-लाल गोळी आणणं हा पर्याय नाही. पॅरासिटामॉलचाही डोस वजनावर आणि यकृतावर ठरतो. आई किडकिडीत असतील तर तो कमी लागेल, म्हणून आकडा मी इथे देत नाही, तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

आता दादांच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही. ट्रामाडॉलने वयस्कर माणसाला मळमळ होते, चक्कर येते, भ्रमही होऊ शकतो, आणि रक्तातलं सोडियम उतरलं तर जास्तच. पण म्हाताऱ्या माणसाच्या ऑपरेशननंतरच्या भ्रमाला एकच कारण क्वचित असतं. चार दिवस संडास झालेली नाही, लघवी तुंबली आहे, छातीत कफ झालाय, चष्मा आणि कानाचं मशीन घरी कपाटात राहिलंय, रात्रभर डोक्यावर ट्यूबलाइट जळतेय, आणि या सगळ्यात पाय ठणकतोय. हा ठणका भ्रमाच्या कारणांमधलं एक मोठं कारण आहे, आणि नेमका तोच नातेवाइकांच्या हिशेबातून सुटतो. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत खुब्याचं फ्रॅक्चर झालेल्या 541 जणांवर केलेला एक अभ्यास 2003 मध्ये छापून आला. ज्यांना वेदनाशामक फार कमी मिळालं त्यांच्यात भ्रम जास्त आढळला, आणि ज्यांचं दुखणं तीव्र राहिलं त्यांच्यात तो धोका कित्येक पटींनी वाढला. म्हणजे भ्रमाच्या भीतीने औषध काढून घेतलं, तर भ्रमाला आमंत्रण दिल्यासारखंच होण्याचा संभव आहे. दादांना हे शांतपणे सांगा. बाधली ती एक गोळी. ती बदलायची, बाकीच्यांनी काही गुन्हा केलेला नाही. सोडियम तपासून घ्यायचं का, हेही त्याच फोनवर विचारा.

आणखी एक. आईंना दिवसातून दोनदा विचारा, पडून असताना किती दुखतं आणि उभं राहताना किती. एक ते दहा आकड्यांत सांगायला त्या पिढीला अवघड जातं. "रुपयात किती आणे दुखतंय?" असं विचारा, चटकन सांगतील. बारा आणे, सहा आणे, जे म्हणतील ते वहीत लिहून ठेवा, शेजारी गोळीची वेळ लिहा. फिजिओथेरपीवाल्या ताई ज्या वेळेला येतात त्याच्या पाऊण-एक तास आधी गोळी पोटात गेलेली असू द्या. एवढ्याने रडणं निम्म्यावर आलेलं मी पुष्कळ घरांत पाहिलंय. ही वही पुढे सुयांच्या वेळीही उपयोगी पडणार आहे.

मी उभं राहण्यावर एवढी का अडून बसलेय, तर या ऑपरेशनचा सगळा खटाटोप त्यासाठीच असतो. हाड मोडल्यावर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करायचं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी माणसाला उभं करायचं, हा आज जगभर मानला जाणारा शिरस्ता आहे. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कफ साठतो, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते, पाठीला जखमा होतात, आणि मांडीचे स्नायू आठवड्याभरात ओळखू येईनासे होतात. तेव्हा वेदनाशमन कशासाठी, याचं माझं उत्तर अगदी साधं आहे: आईने वॉकर धरून संडासपर्यंत जावं यासाठी. पडल्यापडल्या बरं वाटणं छानच, पण ते पुरेसं नाही. गोळी असो, सुई असो की बर्फाची पिशवी, मी तिला याच मापाने मोजते.

हो, बर्फ. टॉवेलमध्ये गुंडाळून, टाके कोरडे राहतील असा, दहा-पंधरा मिनिटं. फुकट आहे आणि बऱ्याच जणांना बरं वाटतं. मधुमेहामुळे कातडीची जाणीव कमी असेल तर अधूनमधून काढून बघत जा. मालिशवाल्या बाईंना मात्र पोटरीला हात लावू देऊ नका. आत गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळते.

ॲक्युपंक्चर थोतांड आहे का? दादांना सांगा, इतकं सोपं नाही. सुई टोचल्यावर शरीरात काही घडतं, याचे पुरावे जुने आहेत. 1977 मध्ये काही अमेरिकन संशोधकांना असं दिसलं, की ॲक्युपंक्चरने दाबलेलं दुखणं नॅलोक्सोन दिल्यावर परत येतं. नॅलोक्सोन म्हणजे अफूचा परिणाम उतरवणारं औषध. यावरून अंदाज बांधला गेला, की सुईमुळे शरीर स्वतःचीच अफूसारखी द्रव्यं सोडत असावं. बीजिंगच्या हान जिशेंग यांनी पुढे यावर आयुष्य घालवलं. सुयांमधून सेकंदाला दोन वेळा करंट दिला तर एका प्रकारची द्रव्यं आणि शंभर वेळा दिला तर दुसऱ्या प्रकारची, इथपर्यंत त्यांचं काम गेलं. तुमचे सुईवाले मशीनची भाषा बोलतात ती या परंपरेतून आलेली.

पण शरीरात काहीतरी घडणं वेगळं आणि 79 वर्षांच्या बाईला मोडलेल्या खुब्यानंतर उभं राहता येणं वेगळं. मधे बरंच अंतर आहे. ते कुणी किती कापलं, ते बघू.

खुब्याच्या फ्रॅक्चरवरचा मला आवडलेला एक प्रयोग व्हिएन्नाचा आहे, 2006 मध्ये छापलेला. घरातून रुग्णालयात नेताना, ॲम्ब्युलन्समध्ये, 38 वृद्धांच्या कानावर दाब दिला गेला. सुया नव्हत्या. अर्ध्यांना खऱ्या बिंदूंवर, अर्ध्यांना भलत्याच जागी. खऱ्या बिंदूंवाले रुग्णालयात पोचले तेव्हा त्यांचं दुखणं कमी होतं, घाबरणं कमी होतं, नाडीही शांत होती. गोड प्रयोग आहे, पण 38 माणसं आणि एक ॲम्ब्युलन्सचा प्रवास, एवढाच त्याचा जीव. ऑपरेशननंतरच्या दिवसांबद्दल तो काही बोलत नाही.

जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला 2005 मध्ये कानात सुया ठेवून केलेला अभ्यास तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळ येतो. 61 रुग्ण, सगळ्यांचे खुब्याचे सांधे बदललेले. त्यांना वेदनाशामकाचा पंप दिला होता, दुखलं की स्वतः बटण दाबायचं. खऱ्या बिंदूंवर सुया असलेल्यांना पहिल्या 36 तासांत सुमारे एक तृतीयांश औषध कमी लागलं. दुखणं दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं, म्हणजे तेवढाच आराम कमी औषधात मिळाला. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो. पण दोन गोष्टी बघा. हे रुग्ण झिजलेला सांधा ठरवून बदलून घ्यायला आलेले होते, तुमच्या आईसारखे पडून आलेले नव्हते. आणि औषध त्यांचंही चालूच होतं. कमी झालं, बंद नाही. "गोळ्यांची गरजच उरणार नाही" हे वाक्य त्या अभ्यासातून निघत नाही.

2008 मध्ये निरनिराळ्या ऑपरेशनांनंतरच्या 15 प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. तिथेही तसंच चित्र दिसतं: पहिल्या 24 तासांत मॉर्फिन सरासरी आठेक मिलिग्रॅमने कमी, मळमळ आणि गुंगीही थोडी कमी. वयस्कर माणसाच्या दृष्टीने आठ मिलिग्रॅम अगदीच किरकोळ नाहीत. मात्र हा सगळा हिशेब ऑपरेशनच्या दिवसाचा आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांचा आहे. तुमच्या आईचा नववा दिवस चालू आहे. या टप्प्यावर सुयांनी किती फरक पडेल, याचं उत्तर मी वरच्या आकड्यांतून ओढून काढलं तर ती फसवणूक होईल.

दादांच्या बाजूचीही गोष्ट सांगते. जर्मनीतच 2007 मध्ये कंबरदुखीच्या 1,162 रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने 47.6 टक्के लोकांना बरं वाटलं. भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या खोट्या सुयांनी 44.2 टक्क्यांना. आणि गोळ्या-व्यायामाच्या नेहमीच्या उपचाराने 27.4 टक्क्यांना. याचा अर्थ काय लावायचा यावर अजून भांडणं होतात. सुईच्या नेमक्या जागेला फारसं महत्त्व नाही, असा एक अर्थ. दुसरा असा, की कुणीतरी अर्धा तास शेजारी बसून, हात लावून, आस्थेने विचारपूस करतं, याचाच निम्मा गुण असावा. मला दुसरा अर्थ पटतो, आणि त्यात हिणवण्यासारखं मला काही वाटत नाही. फक्त ते अर्धा तास शेजारी बसणं घरचं माणूसही करू शकतं, आणि त्याला सवलतीचं पॅकेज लागत नाही.

या विषयावर बोलताना कुणीतरी हमखास म्हणतं, "चीनमध्ये तर भूल न देता नुसत्या सुयांवर ऑपरेशनं करतात." ही दंतकथा पसरली त्यात एका आतड्याचा वाटा आहे. 1971 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. त्यांनी त्यावर लिहिलेला लेख अमेरिकेत गाजला आणि सगळ्यांना वाटलं, की ऑपरेशन सुयांवर झालं. मूळ लेखात त्यांनी लिहिलंय ते असं, की ऑपरेशन नेहमीसारखी भुलेची इंजेक्शनं देऊन झालं. सुया आल्या त्यानंतर, पोट फुगून अस्वस्थ झालं तेव्हा, आणि त्यांनी आराम पडला. म्हणजे तिथेही सुई जोडीलाच होती. आपल्याकडे या उपचाराशी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचं नाव जोडलं जातं. खरं तर 1938 मध्ये भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले त्यांचे सहकारी, कोलकात्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू, पुढे चीनमध्ये ही विद्या शिकले आणि 1959 च्या सुमारास त्यांनी ती भारतात आणली. कोटणिस स्वतः सर्जन होते.

एका बाबतीत मात्र ॲक्युपंक्चरची बाजू चांगली भक्कम आहे, आणि ती तुमच्या पत्राला लागू पडण्यासारखी आहे: मळमळ. मनगटाच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या रेषेपासून रुग्णाचीच तीन बोटं वर, मधल्या दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मधे एक बिंदू आहे. भुलेनंतरच्या उलट्यांसाठी या एका बिंदूवर केलेल्या 59 प्रयोगांचा आढावा 2015 मध्ये निघाला, त्यात साडेसात हजारांवर रुग्ण होते. उलटीच्या औषधांच्या तोडीचा परिणाम दिसला. गोळीमुळे येणाऱ्या मळमळीवर तो तसाच चालेल असं म्हणता येणार नाही, पण सुई न टोचता नुसतं अंगठ्याने दाबूनही हा प्रयोग होतो, आणि त्यात गमावण्यासारखं काही नाही. नवीन औषध सुरू झाल्यावर आईंना उमळलं, तर दोन्ही मनगटांवर काही मिनिटं दाबून बघा. एवढं तुम्हीच करू शकता.

तर वहिनींचा प्रश्न: करून बघायला काय बिघडतंय? नीट केलं तर फारसं काही नाही, आणि नीट म्हणजे काय ते तुमच्या आईपुरतं सांगते.

रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असताना बारीक, वरवरच्या सुया सहसा चालतात. काढल्यावर त्या जागी थोडा वेळ बोट दाबून धरायचं, नाहीतर काळेनिळे डाग पडतात. खोल टोचणं नको. ऑपरेशन झालेल्या पायाला, टाक्यांच्या आसपास आणि सूज असलेल्या भागात एकही सुई नको. आत धातूचा सांधा आहे, मधुमेह आहे, आणि त्या सांध्यात जंतू पोचले तर पुढचं सगळंच अवघड होऊन बसतं. कान, हात आणि दुसरा पाय एवढी जागा जाणकार माणसाला पुरते. सुया तुमच्यासमोर फोडलेल्या पाकिटातल्या, एकदाच वापरून टाकायच्या. कानात बारीक सुया चिकटपट्टीने लावून काही दिवस तशाच ठेवायची पद्धत आहे, ग्राइफ्सवाल्डच्या त्या अभ्यासातही ती वापरली होती. घरी, मधुमेही माणसाला, मी ती लावू देणार नाही. कानाच्या कुर्चेत पू झाला तर बरा व्हायला फार त्रास देतो. त्याऐवजी काही जण मेथीचा दाणा पट्टीने चिकटवून दाबायला सांगतात, ते चालेल. औषधी काडी पेटवून शेक देणं नको, आणि कप लावून कातडी ओढणंही नको. मधुमेहात भाजलेलं कळत नाही, आणि रक्त पातळ असताना कप लावले तर पाठ निळी पडेल.

करंटच्या मशीनबद्दल एकच अट: पेसमेकर असेल तर अजिबात नाही. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी असू शकतो.

आणि आईंना कसं झोपवतात, याकडे तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. सुयांपेक्षा मला याचीच जास्त धास्ती वाटते. बायपोलरनंतर पहिल्या काही आठवड्यांत सांधा निखळू शकतो. पालथं झोपवायचं नाही, मांडी पोटाकडे दुमडायची नाही, पायावर पाय टाकू द्यायचा नाही, पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसवायचं नाही. उताणं, दोन पायांच्या मधे उशी ठेवून, किंवा उंच खुर्चीत बसवून सुया लावता येतात. त्यांना हे आधीच सांगा. त्यावर त्यांनी "काही होत नाही हो" असं म्हटलं, तर त्यांना चहा देऊन वाटेला लावा.

माणूस कोण आहे हेही पाहा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, 2015 चा, आणि त्याखाली नोंदणी करणारी परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. आणि सर्जनना कळवल्याशिवाय पहिली बैठक नको. फोन करणारच आहात, त्यातच हेही विचारा. बरेच सर्जन हसतील, पण हरकत घेणार नाहीत. हरकत घेतलीच तर कारण विचारा आणि त्यांचं ऐका.

दुखणं कशाचं आहे, हेही एकदा तपासायला हवं. नऊ दिवसांनी जांघेत आणि मांडीत दुखणं, गुडघ्यापर्यंत काळंनिळं उतरणं हे ठीक. पण आधी कमी झालेलं दुखणं एकाएकी वाढलं, पाय आखूड दिसायला लागला किंवा बाहेर वळला, टाक्यांतून पाणी येतंय, ताप आहे, पोटरी सुजून टणक झाली, किंवा दम लागला, तर ना गोळी ना सुई. सरळ दवाखाना. अशा वेळी दुखणं दाबणारी कुठलीही गोष्ट, मग ती कितीही गुणाची असो, घातच करते.

हे सदर वाचणाऱ्या ज्यांच्या घरातलं म्हातारं माणूस आजच पडलंय, त्यांच्यासाठी मधेच एक गोष्ट सांगून घेते. मी भूलतज्ज्ञ आहे, तेव्हा यात माझा पक्षपात धरा. ऑपरेशनच्या आधी, इमर्जन्सीतच, जांघेपाशी नसांच्या भोवती बधिर करणारं इंजेक्शन देता येतं. सोनोग्राफीच्या मशीनवर बघून ते दिलं जातं, काही मिनिटांचं काम आहे. 2020 मध्ये यावरच्या 49 प्रयोगांचा आढावा निघाला: अर्ध्या तासात हालचालीचं दुखणं उतरतं, भ्रमाचं प्रमाण कमी होतं, छातीतला संसर्गही बहुधा कमी होतो आणि माणूस लवकर उठून उभं राहतं. मोडलेल्या खुब्याच्या दुखण्यावर ॲक्युपंक्चरच्या मागे इतका पुरावा आज नाही. "नर्व्ह ब्लॉक देणार का?" एवढे चार शब्द दाखल करतानाच विचारा. ताई, तुमच्या आईंसाठी ती वेळ आता निघून गेली. दुसरा पाय मात्र सांभाळायचा आहे, म्हणून टाके निघतील त्या भेटीत हाडं बळकट करण्याच्या औषधाबद्दल सर्जनना विचारायला विसरू नका. वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर पुढची फ्रॅक्चरं कमी करतं. मूत्रपिंडाची तपासणी आणि ड जीवनसत्त्व आधी बघावं लागतं.

राहिला पैशाचा प्रश्न. दहा बैठकांचे पैसे एकदम भरू नका, सवलत कितीही असो. गोळी वेळेवर सुरू होऊन दोन-तीन दिवस जाऊ द्या. वहीत उभं राहतानाचे आणे किती उतरले ते पाहा. आई वॉकर धरून चालायला लागल्या, तर सुयांचा विषय कदाचित आपोआपच मागे पडेल. नाही पडला आणि आईंना स्वतःला सुया हव्या असतील (त्यांना कुणी विचारलंय का? पत्रात दादा आहेत, वहिनी आहेत, आईचं मत कुठेच नाही), तर एकेका बैठकीचे पैसे देऊन तीन बैठका घ्या. गोळी चालूच ठेवून. तिसऱ्या बैठकीनंतर वहीतला आकडा खाली आला असेल किंवा त्या चार पावलं जास्त टाकत असतील, तर पुढच्या घ्या आणि दादांना वही दाखवा. गोळी कमी करायची तर सर्जनना विचारून. आकडा जागचा हलला नसेल, तर सुईवाल्यांचे आभार माना आणि तेच पैसे फिजिओथेरपीवाल्या ताईंना आठवड्यातून आणखी दोनदा बोलवायला वापरा.